साडेसहाची मॅच

अक्का, आपली पोरं काल हरली. आधी हेच सांगून टाकतो, कारण तू असतीस तर बाकी काही ऐकूनच घेतलं नसतंस. "पुट्टा, निकाल सांग. तुझं पुराण मागाहून." अडुसष्टाव्या वर्षी मला पुट्टा, म्हणजे कानडीतलं बाळ, म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. माझं वय मला पहिल्यांदाच खरं वाटायला लागलंय.

हरली तरी संपलेलं नाही. बाद फेरीतली शेवटची जागा अजून कुणाचीच नाही. आपली पोरं आणि आणखी दोन संघ तिच्या दारात एकमेकांना कोपरं मारत उभे आहेत. मोसमातल्या थोड्याच मॅचेस राहिल्यात. आणि हो, तिकडे कॅनडात दर मार्चला करतात तशी घड्याळं पुढे केली, त्यामुळे आपल्याकडे सकाळी साडेसातला लागणारी मॅच आता साडेसहाला लागते. तू गेलीस तेव्हा ती साडेसातला होती. तुझ्यामागे घरात बदललेली ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे कॉफी मी करतो, आणि ती वाईट होते.

तुझी शोकसभा झाली. मी नको म्हणालो होतो, पण शोकसभा ही ज्याची असते त्याला आणि ज्याला शोक असतो त्याला विचारून होत नाही. समाजाच्या अध्यक्षांनी आदल्या दिवशी फोन केला. "बाईंची काही विशेष आवड?" मी म्हटलं, "आइस हॉकी." मग ते अतिशय हळुवार आवाजात म्हणाले, "तुम्ही विश्रांती घ्या." दुसऱ्या दिवशी व्यासपीठावरून तू धर्मपरायण, कष्टाळू आणि क्रीडाप्रेमी झालीस. मागे तुझा फ्लेक्स होता. दुकानातला तो फोटो, गळ्यात टेप टाकलेला. फक्त टेप नव्हती. फ्लेक्सवाल्याने ती संगणकावर पुसली होती आणि तिथे मोत्यांची माळ घातली होती. चाळीस वर्षं मैसुरातल्या लष्कर मोहल्ल्यात, आपल्या शिवणाच्या दुकानात ती टेप गळ्यात घालून तू उभी होतीस, तिच्याशिवाय तू मला ओळखूच येईनास. मी दुसऱ्याच कुणाच्या तरी सभेला आलोय अशा थाटात बसून राहिलो, आणि त्याने खरं तर बरं वाटलं.

ती क्रीडाप्रेमी तू कशी झालीस, हे त्या सभेत कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

शुभाने तिकडे कॅनडात नीलशी लग्न केलं तेव्हा तू पोटच्या मुलीशी वर्षभर धड बोलली नाहीस. नाव ऐकून सगळ्यांना वाटलं होतं, मुलगा आपल्यातलाच कुणीतरी असणार. मग फोटो आला. दाराची चौकट कमी पडेल एवढा उंच गोरा, भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि उद्योग काय तर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणं. "बसगाड्या इथे नव्हत्या का रे दुरुस्त करायला?" हे तू मला किती वेळा विचारलंस! जणू तो प्रश्न मी सोडवून द्यायचा होता. शेवटी शुभाने तिकीटच पाठवलं, आणि तिकीट वाया घालवणं तुझ्या रक्तात नव्हतं, म्हणून एका हिवाळ्यात तू गेलीस.

शुभा नर्स. तिची पाळी संध्याकाळची. ती कामावर गेली की त्या घरात तू, नील, एक सोफा आणि बाहेर गुडघाभर बर्फ. तुझं इंग्रजी गिऱ्हाइकापुरतं होतं: लूज, टाइट, थर्सडे. त्याचं मराठी तेवढंही नव्हतं. काही संध्याकाळी तुम्ही दोघं त्या सोफ्याच्या दोन टोकांना बसून टीव्हीकडे बघत राहिलात. बर्फावर माणसं पायात पाती बांधून धावताहेत, हातात वाकड्या काठ्या, आणि सगळे मिळून एका काळ्या रबरी चकतीच्या मागे लागलेत. मग एका संध्याकाळी तू बोट दाखवून सरळ मराठीत विचारलंस, "यात आपले कोण?" त्याने निळ्या स्वेटरवाल्यांकडे बोट केलं. संबंध तेवढ्यावर जुळला. जगातली बहुतेक नाती तेवढ्यावरच जुळत असावीत. पुढचं सगळं भाषण.

परत आलीस ती निळी होऊन. नीलने तुला संघाचा स्वेटर दिला होता, त्यात आपण दोघं मावलो असतो. तू तो टेबलावर पसरलास, खडूने चार रेघा मारल्यास आणि माझ्या डोळ्यांदेखत कापलास. सकाळच्या गारठ्यात साडीवर घालता येईल असं जाकीट केलंस. व्हिडिओ फोनवर नीलला ते दाखवलंस तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. नंतर कळलं, तिकडे त्या स्वेटराला कात्री लावणं म्हणजे झेंडा फाडण्यासारखं. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "लूज?" तू म्हणालीस, "लूज." त्या दिवशी मी जावयाला पहिल्यांदा हसताना ऐकलं.

माझी आणि नीलची गंमत अशी, की मी अख्खा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजी पुस्तकांत काढला, त्यामुळे आम्हा दोघांना एक भाषा येत होती. म्हणूनच बहुधा बोलायला काही नव्हतं. तुमच्यात भाषा नव्हती, आणि तुमचं बोलणं संपत नव्हतं.

मग ती सकाळची व्यवस्था सुरू झाली. नीलने त्याच्या खात्यावरून आपल्या टीव्हीला काहीतरी जोडून दिलं. टॅब्लेट कॉफीच्या फिल्टरला टेकवलेला, त्यात नील, तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. "आपण त्यांच्या उद्यात बसून त्यांचं आज बघतो," हे तू रखमाकाकूंना समजावून सांगायचीस, आणि दोन घरं टाकून राहणाऱ्या आपल्या त्या काकू, वय ब्याऐंशी, "हौदा? असं होय?" म्हणून तुझ्याकडे संशयाने बघायच्या. एक अडचण होती. त्याच्याकडचं चित्र आपल्यापेक्षा काही सेकंद पुढे धावायचं. तो ओरडायचा, आणि आपल्या टीव्हीवर अजून चकती मैदानाच्या मध्यावर. तू त्याला दम दिलास, आधी ओरडायचं नाही. बिचारा तोंड मिटून, हात मांडीखाली दाबून बसायला शिकला. पण मग तू टीव्हीकडे बघणंच सोडलंस. त्याच्या तोंडाकडे बघायचीस. भुवई जरा हलली की, "गेला गोल!" आणि मग टीव्ही तुझं म्हणणं खरं करायचा.

खेळाडूंची नावं तुझ्या जिभेवर बसेनात, म्हणून तू त्यांचं बारसं केलंस. अंगभर पॅड बांधलेला गोलकीपर तो गादीवाला. त्याच्यापुढचा, सारखा कुणाला तरी ढकलणारा, तो सुरेश, कारण आपल्या गल्लीतला सुरेश रेशनच्या रांगेत तसाच वागतो. दोन डावांच्या मधे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी यायची, तेव्हा तू कुणालाही उठू द्यायची नाहीस. "सारवताहेत. बघ की जरा. किती निगुतीने सारवताहेत." मला वाटतं तुला खेळापेक्षा ती गाडी जास्त आवडायची.

मला काय आवडायचं नाही, ते तुला पाठ होतं. मॅचच्या आधीचं ते राष्ट्रगीत, धूर, अंधारात फिरणारे झोत, छताला टांगलेला तो देवघराएवढा पडदा. मी म्हणायचो, रबराची चकती ढकलायला एवढा राज्याभिषेक कशाला? तू म्हणायचीस, "दसऱ्याला हत्ती निघाला की पहिल्या रांगेत पायरीवर वर्तमानपत्र अंथरून कोण बसायचं रे? हत्तीने काय ढकललं?" बाद फेरीतली मालिका संपली की दोन्ही संघ रांग करून एकमेकांशी हात मिळवतात, त्यालाही मी ढोंग म्हणायचो. काल ज्याचे दात पाडले त्याचा आज हात धरायचा. "असू दे ढोंग," तू म्हणालीस. "चांगल्यातलं आहे."

आणि ते स्टूल. त्या खेळातली तुला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे शिक्षा. कुणी दांडगाई केली की त्याने काचेच्या खोक्यात जाऊन दोन मिनिटं एकट्याने बसायचं. बसून झालं की परत मैदानात. कुणी टोमणा मारत नाही, कुणी मागचं काढत नाही. "आपल्याकडे असं असतं तर," तू म्हणालीस, "निम्मी भावकी बोलत असती एकमेकांशी." मग कापडाच्या कपाटाशी असलेलं ते उंच स्टूल मागच्या दाराशी गेलं. मी नगरपालिकेवर, अध्यक्षांवर, किंवा तुझ्या उप्पिटावर घसरलो की तू फक्त बोट करायचीस. "दोन मिनिटं." नि मी जायचो. स्वेटराच्या कापलेल्या बाह्यांची तू त्या स्टुलाला गादी शिवलीस, तेव्हा मला कळलं की ही कायमची सोय आहे.

एका गोष्टीवर मात्र आपलं कधीच जमलं नाही. एखाद्या गोलने मागे असलेला संघ शेवटच्या दोन मिनिटांत काय करतो? गोलकीपरला बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी आणखी एक चाल करणारा पाठवतो. गोल रिकामा. घर उघडं टाकून सगळे समोरच्याच्या अंगणात. मी म्हणायचो, शुद्ध वेडेपणा. बहुतेक वेळा काय होतं? समोरचा लांबून चकती भिरकावतो आणि ती आरामात रिकाम्या गोलात जाऊन बसते. तू म्हणायचीस, "हरतोच आहोत ना? मग दाराशी माणूस बसवून राखायचं काय?" मी म्हणायचो, अब्रू. तू म्हणायचीस, "अय्यो, जा की स्टुलावर."

या पौषात तुझ्या छातीत पाणी साठायला लागलं, आणि तो वाद हॉस्पिटलात आला.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, आणखी काही दिवस इथेच ठेवू, नळ्या राहू देत. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "डॉक्टर, कितीने मागे आहोत आपण?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं, कानडीत आणि मग हॉकीतून माणसांत. प्रामाणिक माणूस. म्हणाले, "बरंच."

"मग गोलकीपर काढा. मी घरी जाते."

मी बोलायला लागलो. ते सगळं मला अजून आठवतं, फार मुद्देसूद बोललो मी. इथे ऑक्सिजन आहे, घरी नाही. इथे घंटा वाजवली की माणूस येतं, घरी मीच आहे, आणि मी काय कामाचा. तू उशीवरून ऐकत होतीस. तिथे स्टूल नव्हतं, तर तू बोटाने बाहेरचा व्हरांडा दाखवलास. "दोन मिनिटं, पुट्टा." आणि मी गेलो, अक्का. पाण्याच्या फिल्टरशी जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा तू सही करून मोकळी झाली होतीस आणि नर्सला सांगत होतीस, तिच्या गणवेशाची बाही खांद्यात चुकलीय.

मी अजूनही म्हणतो, तू तिथे राहायला हवं होतंस. मी हा मुद्दा सोडलेला नाही. पण घरी आल्यावर ज्या थोड्या मॅचेस तुला मिळाल्या, अंगावर ते निळं जाकीट, मांडीवर उशी, आणि नीलच्या तोंडाकडे डोळे लावून "गेला, गेला!" म्हणताना तुला धाप लागायची आणि तू धापेसकट हसायचीस, त्या सकाळी माझ्या मुद्द्यात कुठे बसवायच्या ते मला कळलेलं नाही.

गेलीस ती मॅच नसलेल्या दिवशी. दुपारी, जेवण झाल्यावर, आडवी पडलीस तेव्हा. कुणाचा खोळंबा केला नाहीस.

शुभा आणि नील तिसऱ्या दिवशी पोचले. तोपर्यंत काकूंनी घराचा ताबा घेतला होता. टीव्हीवर चादर टाकलेली, कारण सुतकात टीव्ही लावत नाहीत. जन्मभर ज्या ज्या गोष्टींना मी हसलो त्या सगळ्या मी केल्या, आणि बऱ्या केल्या असं भटजी म्हणाले. नील चटईवर मांडी घालायचा प्रयत्न करत भिंतीशी बसलेला असायचा. आलेली माणसं त्याच्याशी मोठ्या आवाजात, सावकाश कानडी बोलायची. तो मान हलवायचा.

एका सकाळी तो दिसेना. बघतो तर मागच्या अंगणात, कढीपत्त्याच्या झाडाआड, हातात फोन. मला बघून दचकला. मी जवळ गेलो. त्याने फोन माझ्याकडे वळवला. जिंकलो होतो. तेवढ्यात काकू मागच्या दारात.

"काय चाललंय तिथे?"

"काही नाही, काकू."

"सुतकात असली यंत्रं बघू नयेत."

"हो, काकू."

काकू गेल्या नाहीत. एकदा वळून घरात पाहिलं, पदर सारखा केला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "गादीवाल्याने अडवलं ना?"

"अडवलं. जिंकलो."

"आयतु," काकू म्हणाल्या, म्हणजे झालं तर. "आता ठेव ते. सुतक आहे."

दहाव्याला आम्ही श्रीरंगपट्टणला नदीवर गेलो. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं समजून जो तो काहीतरी कबूल करतो, तशी आपली सगळी माणसं कबूल करायला सज्ज होऊन आली होती. कुणी म्हणणार होतं शुभाचं आम्ही बघू, कुणी माझं. मीही मनात एक तयार ठेवलं होतं, कुणाला सांगणार नव्हतो. आणि कुणी तोंड उघडायच्या आत कावळा आला, वडा उचलला आणि गेला. सगळ्यांना समाधान झालं. बाईंचं काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. मला मात्र राग आला. शेवटची जागा अधांतरी, गादीवाल्याचा गुडघा दुखावलेला, सुरेशला तीन मॅचेस बाहेर बसवलेलं, आणि तुझं काही राहिलं नाही? कावळ्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. त्या दिवशी तर मुळीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी नीलची रजा संपली. शुभा तेराव्यापर्यंत राहणार होती. बाहेर टॅक्सी उभी, आत भिंतीला टेकून आपली दहाबारा माणसं. नील उठला. त्याला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. नमस्कार की मिठी, कुणाला काय. मग त्याने त्याला येत होतं ते केलं. रांगेच्या एका टोकापासून सुरुवात केली आणि प्रत्येकाशी हात मिळवत गेला. जरा वाकून, डोळ्यांत बघून. काकूंशीसुद्धा. काकूंनी आयुष्यात परपुरुषाच्या हातात हात दिला नसेल, पण दिला. मालिका संपल्यावर करतात तसं. ढोंग म्हणणारा मी शेवटच्या टोकाला बसलो होतो, आणि माझी पाळी येईपर्यंत मला समोरचं नीट दिसेनासं झालं होतं.

तो दारापाशी गेला, वळला आणि म्हणाला, "येतो."

तुझीच शिकवण. जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. प्रत्येक मॅचनंतर टॅब्लेटवर वाकून तो हा एक शब्द म्हणायचा आणि तू "या हं, जावईबापू" म्हणायचीस. पण दुःखाच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत, हे तू त्याला कुठून शिकवणार होतीस? असल्या घरातून माणूस न सांगता उठतं आणि चालू लागतं. पुन्हा याच कारणाने येणं नको म्हणून. काकूंचा हात तोंडाशी गेला. कुणीतरी "राम राम" पुटपुटलं. शुभा माझ्याकडे बघायला लागली.

उत्तर एका अक्षराचं होतं. ये. एवढी पुस्तकं वाचलेल्या, कावळ्यावर विश्वास नसलेल्या माणसाला ते म्हणायला काय हरकत होती? पण मी घराच्या बाजूने झालो आणि चटईकडे बघत राहिलो. नीलला शब्द कळत नाहीत, पण तो इंजिन कानाने ओळखणारा माणूस. काहीतरी बिघडलं हे त्याला ऐकू आलं. कानांपर्यंत लाल झाला, मान खाली घातली आणि टॅक्सीत जाऊन बसला.

त्यानंतर फोन आला नाही. तेरावं झालं, शुभा गेली, चादर काढली, टीव्ही लागला, मॅच साडेसहावर गेली. मी टॅब्लेट फिल्टरला टेकवून ठेवायचो. तो काळाच राहायचा. शेवटी शुभाला विचारलं.

"मामा, तो घाबरलाय. मी त्याला सांगितलं येतो का म्हणत नाहीत ते. मला वाटलं हसेल. तो म्हणतो, अम्माच्या घरात मी अशुभ बोललो, आता मामाला काय तोंड दाखवू."

"आणि मॅच?"

"एकटाच बघतो. आवाज बंद करून."

त्यानंतरच्या मॅचेस मीही तशाच पाहिल्या, आवाज बंद करून. मैसुरात एक म्हातारा आणि बर्फात एक मेकॅनिक, दोघं एकच खेळ मुक्याने बघताहेत, हे तुला दिसलं असतं तर तू दोघांनाही स्टुलावर बसवलं असतंस. आणि मला एवढंच कळत होतं, की तू त्या सोफ्यावर बोट दाखवून जे जोडलंस ते या मोसमाबरोबर संपणार. पुढच्या मोसमात फोन सुरू करायला निमित्त काय उरलं असतं?

काल मी फोन लावला. तुला ठाऊक आहे, मी आयुष्यात व्हिडिओ फोन लावलेला नाही. मी आलो की तो लागलेला असायचा. आधी टॉर्च लागला. मग माझाच चेहरा दिसला, तो काही पाहण्यासारखा नव्हता. मग घंटी. पहिली पुरी व्हायच्या आत नीलने उचलला. निळा स्वेटर अंगात. सोफ्याच्या त्याच टोकाला. तुझं टोक रिकामं ठेवलेलं.

"गुड मॉर्निंग, मामा."

"गुड ईव्हनिंग, नील. यात आपले कोण?"

तो हसला नाही. पण त्याने बोट दाखवलं.

आम्ही पाहिली मॅच. फार बोललो नाही, पण आवाज चालू होता. शेवटची दोन मिनिटं, एका गोलने मागे. आणि अक्का, कोचच्या आधी मी बोललो. मोठ्याने, मराठीत. "काढ की त्याला बाहेर." गादीवाला धावत बाहेर आला, सहावा चाल करणारा आत गेला, आपली सगळी पोरं त्यांच्या गोलावर तुटून पडली. मी टॅब्लेटकडे पाहिलं. नील हात मांडीखाली दाबून, ओठ घट्ट मिटून बसला होता, तू शिकवलंस तसा. फक्त त्याची डावी भुवई खाली आली.

मला कळलं. टीव्हीवर अजून काहीच झालेलं नव्हतं. आपली पोरं चालच करत होती, आपला गोल रिकामा, चकती त्यांच्या दारात, आणि अजून सगळं शक्य होतं. त्या काही सेकंदांत मी टीव्हीकडेच बघत राहिलो. मग तो लांबचा फटका आला, आरामात घरंगळत, आणि रिकाम्या गोलात जाऊन बसला.

"सॉरी, मामा," नील म्हणाला.

"तू काय केलंस? मी जातो स्टुलावर."

"कशाबद्दल?"

"एवढे दिवस खेळ लांबवल्याबद्दल." हा त्यांच्यात खरोखरचा गुन्हा आहे, दोन मिनिटांचा. मी गेलो, तुझ्या बाह्यांच्या गादीवर बसलो, कढीपत्त्याकडे बघितलं. टॅब्लेटमधून त्याने घड्याळ लावलं होतं. वेळ संपल्यावर शिट्टी वाजवली.

मग निघायची वेळ झाली आणि तो शब्द शोधायला लागला. "ओके, मामा. सो... बाय." त्या दाराशी झाला होता तसाच लाल.

"नील," मी म्हटलं, "अक्काने शिकवलेलं म्हण."

"नक्की? शुभा म्हणाली..."

"सुतक संपलं. म्हण."

त्याने कॅमेऱ्यावर वाकून म्हटलं, "येतो."

"ये," मी म्हणालो. "परवा. साडेसहाला."

काकूंनाही बोलावलंय. परवा कोच बहुधा पुन्हा गोल रिकामा ठेवेल आणि मी त्याला अडवणार नाही. पण तेवढ्यावरून तू जिंकलीस असं समजू नकोस, अक्का. हॉस्पिटलचा मुद्दा माझा अजून तसाच उभा आहे.